इंजिनखालची प्लेट ठेवायची की काढून टाकायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी लिफ्टवर चढते, जुनं ऑइल खाली सोडलं जातं आणि खालून निघालेली काळी प्लॅस्टिकची प्लेट भिंतीला टेकून उभी राहते. गिऱ्हाईक हमखास तिच्याकडे बोट दाखवतं. पुण्यात धायरीतल्या आमच्या गॅरेजात या प्लेटबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं पेट्रोल-डिझेलच्या साध्या घरगुती गाड्या डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं काही सांगत असेल, तर मॅन्युअलचं ऐका.

ऑइल बदलल्यावर ही प्लेट परत बसवायलाच हवी का?

हो. कंपनीने दिली असेल तर परत बसवायची, आणि सगळ्या बोल्टांसकट.

अपवाद एकच. बोल्ट-क्लिपा हाताशी नाहीत आणि प्लेट लोंबकळत राहणार आहे, अशी वेळ आली तर ती डिकीत टाका, गाडी हळू चालवत घरी न्या आणि क्लिपा मिळाल्या की बसवून घ्या. प्लेटशिवाय गाडी चार दिवस सहज चालते. अर्धवट अडकवलेली प्लेट मात्र धोकादायक. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाला तिची पुढची कड खाली आली की ती वारा धरते, मागे दुमडते आणि चाकात तरी जाते किंवा मागून येणाऱ्याच्या काचेपुढे तरी.

ती प्लेट करते तरी काय? दगडापासून इंजिन वाचवते ना?

दगड हे तिचं दुय्यम काम. दोन-तीन मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक ते, उडालेली खडी अडवेल, पण डांबरातून वर आलेल्या गटाराच्या झाकणापुढे त्याचं काही चालणार नाही.

मुख्य काम पाणी आणि चिखल अडवण्याचं. पुढची चाकं पाणी फेकतात ते सरळ बाजूने आत येतं. तिथेच खाली ऑल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पट्टा, त्याच्या पुल्या आणि काही सेन्सरांचे कनेक्टर असतात. पट्ट्यावर मातकट पाणी सतत बसलं की तो कुरकुरायला लागतो, पुलीचं बेअरिंग लवकर आवाज करू लागतं आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. पावसाळ्यात नऱ्हे-आंबेगावकडून सर्व्हिस रोडने रोज ये-जा करणारी, प्लेट नसलेली गाडी दसऱ्याच्या सुमारास लिफ्टवर घेतली तर ऑल्टरनेटरच्या जाळीत वाळलेल्या लाल मातीचा थर दिसतो. बोटाने खरवडला तर पापुद्रे निघतात. ऑल्टरनेटर थंड राहतो तो त्या जाळीतून जाणाऱ्या हवेमुळे. जाळीच बुजली की पुढचं सांगायला नको.

दुसरं काम हवेचं. रेडिएटरमधून आलेली हवा कुठून बाहेर पडायची, हे कंपनीने ठरवलेलं असतं आणि बऱ्याच गाड्यांत ही प्लेट त्या वाटेचा भाग असते. ती काढली की इंजिन जास्त थंड राहतं, हा समज म्हणूनच बरोबर नाही. काही मॉडेलांत खालची हवा उलट आत घुसते आणि रेडिएटरमधून होणारा ओढा कमी पडतो. साध्या शहरातल्या वापरात हा फरक काट्यावर दिसणार नाही. पण एसी लावून, पाच माणसं घेऊन वरंधा किंवा ताम्हिणीचा चढ चढताना गाडीला जी काही थंडावा राखण्याची सोय दिलेली आहे, ती सगळी लागते.

तिसरं आवाजाचं. डिझेल गाड्यांत प्लेटवर नमद्यासारखा थर असतो तो यासाठीच. प्लेट काढल्यावर इंजिनाची खडखड आत जास्त ऐकू येते, आणि मग लोक इंजिन माउंटिंग तपासायला येतात.

आमचा मेकॅनिक म्हणतो, "साहेब, काढूनच टाका, उगाच कटकट." तो चुकीचं सांगतो का?

तो त्याच्या बाजूने सांगतो. प्लेट काढायला आणि लावायला वीसेक मिनिटं जातात, गंजलेला बोल्ट तुटला तर त्याहून जास्त, आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. "ऑइल बदलायचे इतके का?" म्हणून घासाघीस करणारे आपणच असतो, हेही खरं.

त्याचा एक मुद्दा मात्र ग्राह्य आहे. प्लेटमुळे गळती लपते. सीलमधून ऑइल झिरपत असेल तर आधी ते प्लेटवर साचतं आणि जमिनीवर थेंब दिसेपर्यंत बरेच दिवस जातात. शिवाय ते वाऱ्याने मागे सरकून प्लेटच्या मागच्या कडेवरून ठिबकतं, त्यामुळे डाग पडतो एकीकडे आणि गळती असते भलतीकडे. यावर उपाय साधा आहे: डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघा. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना. ऑइल कमी होत असेल तर प्लेट असो वा नसो, कळतंच. आणि दर ऑइल बदलीला प्लेट उतरवून वरची बाजू बघायची सवय मेकॅनिकला लावा. ती कोरडी असेल तर निश्चिंत राहा. ओली असेल तर कुठे ओली आहे हे पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा.

माझी गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली. तिला मुळात प्लेट होती की नाही, कसं कळणार?

पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला आणि सबफ्रेमला, म्हणजे इंजिनखालच्या लोखंडी चौकटीला, हात फिरवा किंवा टॉर्च मारून बघा. रिकामी भोकं, त्यात अडकलेले पत्र्याचे यू आकाराचे क्लिप-नट किंवा प्लॅस्टिक क्लिपेचा तुटका अवशेष दिसला तर प्लेट होती आणि कोणीतरी काढली. काही गाड्यांना पूर्ण प्लेट नसतेच, चाकांच्या बाजूला नुसती दोन पानं असतात. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीतही फरक असतो. पक्कं उत्तर हवं असेल तर डीलरच्या पार्ट काउंटरवर चॅसी नंबर द्या. मूळ यादीत काय होतं ते तिथे निघतं.

क्लिपा तुटल्यात, दोन बोल्ट हरवलेत. बाकीच्यांवर चालेल का?

कुठले हरवलेत यावर आहे. मागचा किंवा बाजूचा एखादा नसेल तर प्लेट थोडी फडफडेल, खडखडेल, तुम्हाला वैताग येईल. पुढच्या कडेचा एकही कमी असेल तर तशी गाडी हायवेला नेऊ नका. सगळा वारा त्याच कडेवर येतो.

बहुतेक गाड्यांत प्लेटची पुढची कड बंपरच्या ओठाच्या आत, म्हणजे वरच्या बाजूला जाते. घाईत ती खाली राहिली तर बोल्ट सगळे लागतात, उभं राहून बघितलं तर ठीकही दिसतं, पण ऐंशीच्या पुढे खालून भणभण आवाज सुरू होतो. प्लेट बसवून झाली की पुढच्या कडेवरून मधोमध बोट फिरवायचं. कड बोटाला अडली तर पुन्हा उघडायची.

क्लिपांबद्दल थोडं सविस्तर, कारण त्या तुटतात त्या मोडक्या म्हणून नाही, तर ओढून काढल्यामुळे. पुश-क्लिपला मधे एक पिन असते. चपट्या स्क्रूड्रायव्हरने आधी ती पिन उचकून वर आणायची, मग अख्खी क्लिप अलगद निघते. लावताना उलट: पिन बाहेर असतानाच क्लिप भोकात बसवायची आणि मग पिन दाबायची. पिन आधीच दाबलेली क्लिप ठोकून बसवली की तिचे पाय मोडतात आणि ती टिकत नाही. काही गाड्यांना क्लिपाऐवजी पाव फेरा फिरवायचे लॉक असतात, फोक्सवॅगन-स्कोडाला बऱ्याचदा टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, स्क्रू असतात. त्यांना चुकीचं बिट लावून तोंड गोल करू नका. दहा नंबरच्या पान्याने निघणारे छोटे बोल्ट सगळ्यात भरवशाचे, पण तेही पत्र्याच्या क्लिप-नटात जातात. न्यूमॅटिक गन लावली की नट जागेवर फिरतो आणि पुढच्या वेळी छिन्नीने तोडावा लागतो. हाताने आटे धरायचे, मग पान्याने बेताने आवळायचं.

केबल टाय चालेल का, हे हमखास विचारतात. घरापर्यंत, चालेल. सायलेन्सरच्या पाइपाजवळ नको, तिथे तो वितळतो. तार नको. क्लिपा नाना पेठेत सुट्या मिळतात, जुनी एक नमुन्याला घेऊन जा, कारण भोकाचा व्यास एका मिलिमीटरने चुकला तरी क्लिप बसत नाही किंवा टिकत नाही.

सर्व्हिसिंगनंतर पार्किंगमध्ये ऑइलचे थेंब पडतायत. ड्रेन नट सैल राहिला का?

ऑइल सोडायचा तो नट सैल राहिलाही असेल, म्हणून आधी डिपस्टिक बघा. पातळी बरोबर असेल आणि थेंब दिवसागणिक कमी होत असतील, तर बहुतेक प्लेटवर सांडलेलं ऑइल आहे. कित्येक गाड्यांत फिल्टर उघडला की त्यातलं ऑइल सरळ प्लेटवर किंवा सबफ्रेमच्या खोबणीत ओघळतं. प्लेट न काढता, तिच्यातल्या छोट्या झडपेतून नट खोलून काम उरकलं असेल तर हमखास.

पातळी कमी असेल किंवा थेंब वाढत असतील तर गाडी चालवत आणू नका, मेकॅनिकला बोलवा. ड्रेन नटखालचा वॉशर दर वेळी नवीन टाकायचा असतो. चपटा झालेला जुना वॉशर पुन्हा वापरला की नट कितीही आवळला तरी तिथून ओल धरते. आणि जास्त आवळला तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचे, आटे जातात.

स्वच्छ पाण्याचे थेंब असतील तर तो एसी. प्लेटवर पडून ते पाणी भलत्याच जागेवरून ठिबकतं, घाबरायचं कारण नाही. हिरवट किंवा गुलाबी आणि बोटाला किंचित चिकट लागलं तर कूलंट. तो विषारी असतो, चव बघायच्या फंदात पडू नका.

सांडलेलं ऑइल पुसताना प्लॅस्टिकच्या प्लेटला साबणाचं पाणी आणि फडकं पुरतं. गॅरेजात डिझेल फवारून धुतात, पण ते पट्ट्यावर आणि रबरी बुशांवर उडतं आणि रबर फुगतं. नमद्याचा थर ऑइलने चिंब झाला असेल तर धुण्याच्या नादी न लागता प्लेट बदला. वरून सायलेन्सरचा तापलेला पाइप जातो आणि ऑइल प्यालेलं कापड तिथे ठेवणं शहाणपणाचं नाही.

प्लेटला ड्रेन नटासाठी झडप नाही. भोक पाडून घेऊ का?

नको. भोकाच्या कडेपासून प्लेट चिरत जाते आणि तिथूनच चिखल आत येतो. प्लेट उतरवण्याचा खरा फायदा तर खालून सगळं इंजिन बघायला मिळतं हाच आहे.

लोखंडी प्लेट बसवून घ्यावी का? मित्राने घेतली आहे, म्हणतो टेन्शनच गेलं.

गाडी कुठे जाते यावर आहे. शेतावर, पानशेतच्या पलीकडच्या कच्च्या रस्त्यांवर, दर आठवड्याला साइटवर जाणाऱ्याला लोखंडी गार्डचा खरोखर उपयोग होतो. कोथरूड ते हिंजवडी करणाऱ्याला होत नाही, त्याचा शत्रू दगड नसून ट्रॅफिक आहे.

आता तोटे, कारण ते विकणारा सांगत नाही. पहिला, वजन. ८० बाय ६० सेंटिमीटरचा पत्रा धरला तर २ मिमी जाडीत साडेसात किलो भरतो, ३ मिमीमध्ये अकरा किलोच्या वर. हे सगळं गाडीच्या पुढच्या भागाला लटकतं. दुसरा, उष्णता. कंपनीच्या प्लेटला हवेसाठी खाचा असतात, सरसकट कापलेल्या पत्र्याला नसतात किंवा चुकीच्या जागी असतात. तिसरा, उंची. चांगल्या हेतूने बसवलेला गार्ड दोन-तीन सेंटिमीटर खाली आला तर आधी न घासणारी गाडी आता घासायला लागते, आणि मग गार्ड किती गरजेचा होता हे पटवायला ते ओरखडेच दाखवले जातात!

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. समोरून जोरदार धडक बसते तेव्हा गाडीचा पुढचा भाग ठरवून दुमडतो आणि काही गाड्यांत इंजिन खाली सरकावं अशी रचना असते. एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर त्या वेळी गाडीचा वेग किती झटकन कमी होतो त्यावरून ओळखतात. गाडीच्या सांगाड्याच्या दोन्ही लांब तुळयांना पक्का सांधलेला जाड पत्रा त्यात आडवा येऊ शकतो. आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या, गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेची मंजुरी असते ती कंपनीने दिलेल्या रचनेला, बाजारातून कापून आणलेल्या पत्र्याला नाही. म्हणून घ्यायचाच असेल तर त्या मॉडेलसाठी कंपनीच्या ॲक्सेसरी यादीत असलेला घ्या, वेल्डिंग किंवा नवीन भोकं न पाडता मूळ जागी बसणारा घ्या आणि ऑइल व फिल्टरसाठी झडप आहे का ते आधी बघा. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून जी कारवाई सांगितली, तिचा रोख बंपरपुढे लावायच्या लोखंडी दांड्यांवर, म्हणजे बुलबारवर होता, खालच्या गार्डवर नाही. तरी गाडीच्या रचनेत फेरफार केला की वॉरंटी आणि विम्याच्या वेळी प्रश्न विचारले जाऊ शकतात, हे लक्षात ठेवा.

सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर प्लेट घासते. प्लेट सैल आहे की गाडी खाली बसली आहे?

आधी प्लेट हलवून बघा. सैल नसेल तर दोष बहुधा स्पीडब्रेकरचा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, म्हणजे पसरट. आपल्याकडे गल्लीत रातोरात उगवतात ते फूटभर रुंदीचे कट्टे असतात. छोट्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीला १६० ते १७० मिमीच्या आसपास, त्यात पाच जण आणि दिवाळीचं सामान बसलं की तो चांगलाच उतरतो. बेसमेंटच्या रॅम्पला जिथे उतार संपून सपाटी सुरू होते, तिथेही हेच. दोन्ही ठिकाणी तिरपं आणि हळू. गाडी रिकामी असतानाही घासू लागली असेल तर स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर बघून घ्या.

खालून जोरात आदळलं, प्लेट तुटली. गाडी चालतेय, मग चालवत आणू?

नका आणू. आधी थांबा, इंजिन बंद करा, खाली वाकून बघा. ऑइल पडत असेल किंवा डॅशबोर्डवर ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला असेल तर तिथून पुढे एक किलोमीटरसुद्धा नाही. तो दिवा ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो, आणि दाब गेल्यावर क्रँकचे बेअरिंग काही मिनिटांत जातात. टो करून आणा.

इथे विम्याचीही मेख आहे. दगड लागून चेंबर फुटला, हे अपघाती नुकसान म्हणून साध्या पॉलिसीत बसतं. फुटल्यावर तशीच गाडी चालवून इंजिन जाम झालं, तर ते परिणामी नुकसान धरतात आणि साध्या पॉलिसीत मिळत नाही. झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर, घेतलं म्हणून मिळतं असंही नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं, आणि तेही पुढे दामटत नेल्याचं दिसलं तर वाद होतो. चेंबर बदलणं आणि इंजिन बांधणं यांच्या बिलात एका शून्याचा फरक पडतो.

भिडे पुलावर पाणी आलं किंवा रस्त्यावर गुडघाभर साचलं, तर प्लेट वाचवेल?

नाही. ती शिंतोड्यांसाठी आहे, बाजूंनी उघडी असते. साचलेल्या पाण्यात इंजिन बिघडतं ते एअर फिल्टरच्या तोंडातून पाणी ओढलं गेल्यामुळे. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. तशा पाण्यातून आलेली गाडी नंतर आणाल तेव्हा प्लेट उतरवायला सांगा, वर गाळ आणि पिशव्या अडकून बसतात.

उंदीर-घुशी वर येऊ नयेत म्हणून उपयोग?

फारसा नाही. त्या चाकाच्या बाजूने येतात. नमद्याची प्लेट असेल तर त्यांना गादीच मिळते. झाडाखाली उभी राहणारी गाडी असेल तर वाळका पाला मात्र दर ऑइल बदलीला काढून टाका.

घरी स्वतः काढता येईल का?

येते, पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा. दोन घोडे, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, लावा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे द्या, हँडब्रेक ओढा आणि सपाट, टणक जमिनीवरच करा. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो. इंजिन कोमट असू द्या, गरम नको. प्लेटमध्ये साचलेलं पाणी-माती पहिला बोल्ट निघताच चेहऱ्यावर येते, त्यामुळे चष्मा घाला आणि मागचे बोल्ट आधी काढा. ऑइलही घरीच बदलत असाल, तर निघालेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतायचं नाही. ते २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. जुन्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइलच नाही, मग तिची प्लेट?

तिला हातच लावू नका. वर हाय व्होल्टेज बॅटरी आणि तिची थंड करण्याची नळी असू शकते. काही लागलं असेल तर कंपनीच्या वर्कशॉपलाच दाखवा.

गाडी ताब्यात घेताना प्लेट नीट बसवली आहे, हे कसं तपासू?

बिल देण्याआधी लिफ्टवरच बघायला मागा, हा तुमचा हक्क आहे. खाली आली असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या बंपरखाली वाका, कड सरळ आहे का आणि भोकं रिकामी आहेत का ते बघा. हाताने वर दाबून सोडा, टकटक आवाज आला तर कुठेतरी बोल्ट नाही. निघाल्यावर डावी-उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग वळवून घासण्याचा आवाज येतो का ऐका, चाकाच्या आतलं पान सुटलं असेल तर तिथेच कळतं. आणि ट्रेमध्ये बोल्ट उरलेले दिसले, तर ते कुठल्या गाडीचे आहेत हे विचारल्याशिवाय गॅरेजातून निघू नका. आमच्याही.